साकु की टाक?

आमच्या घरी रात्री भात वाढण्याचं काम माझ्याकडे आहे. आई बेळगावकडची. गेली अठरा वर्षं ती माझ्याबरोबर इकडे मध्य प्रदेशात राहते, शेजारणींशी हिंदी बोलते, आमच्याशी मराठी बोलते. पण ताटावर हात आडवा धरताना तिच्या तोंडून ‘पुरे’ हा शब्द काही निघत नाही. तिथे ‘साकु’च येतं, घाईत असली तर नुसतं ‘साक’. ज्यांच्या घरात मराठी आणि कन्नड एकाच चुलीवर शिजतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. आई म्हणाली, ‘‘साक.’’ मी आणखी एक डाव भात वाढला. ती पुन्हा म्हणाली, ‘‘साक, साक!’’ मी तिसरा डाव वाढला. तिने सरळ पातेल्यावरच हात ठेवला आणि विचारलं, ‘‘केळसंगिल्लेनु?’’ ऐकू येत नाही का तुला? मी म्हटलं, ‘‘अगं, तूच तर टाक, टाक म्हणतेस!’’ सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

पण मग एकेक गोष्ट आठवायला लागली. त्याच आठवड्यात बायकोने ताक मागितलं तर मी ताट नेऊन दिलं होतं. वर्गात हजेरी घेताना सात नंबर की साठ नंबर, हे मला मान वर करून बघावं लागत होतं. रात्री सगळं सामसूम झालं की कानात दूरवर कुणीतरी प्रेशर कुकरची शिट्टी वाजवत बसलंय असं वाटायचं. बायको म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही एकदा कान दाखवून घ्या. भाताचं सोडा, उद्या रस्त्यात कुणी हॉर्न दिला तर?’’

नागपूरला जाऊन कान दाखवले. तिथे एका बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवतात. बारीकसा ‘टूं’ ऐकू आला की बटण दाबायचं. माझ्या कानांचा जो आलेख निघाला, त्यात रेघ बरीच लांब सरळ चालली होती आणि ४००० हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात पडून पुढे ८००० ला पुन्हा जराशी वर आली होती. असा खड्डा दिसला की कानाचे डॉक्टर पहिला प्रश्न आवाजाबद्दल विचारतात. मलाही विचारलं, ‘‘कारखान्यात काम करता का?’’ आमच्या सौंसरजवळ बोरगावला औद्योगिक वसाहत आहे, तेव्हा प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, ‘‘नाही हो, मी कॉलेजात इतिहास शिकवतो. वर्गात आवाज असतो, पण तो माझाच.’’

‘‘मग इअरफोन किती तास लावता?’’

आता इथे थोडं भूगोलाकडे वळलं पाहिजे. माझं घर पांढुर्ण्यात आणि कॉलेज सौंसरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा केला गेला. एरवी आमचं गाव वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीमुळे बातम्यांत झळकतं. दोन्ही गावं रेल्वेची, पण गंमत अशी की एकमेकांची नाहीत. पांढुर्णा इटारसी-नागपूर या मोठ्या मार्गावर आणि सौंसर नागपूर-छिंदवाडा या एकेकाळच्या छोट्या लाईनीवर. एका गावातून दुसऱ्या गावात रेल्वेने जायचं तर आधी नागपूर गाठायचं! म्हणून रोज बस. बस जुनी, काचा सैल, इंजिनाचा पत्रा ड्रायव्हरच्या शेजारीच थडथडणारा, आणि शनिवारी जामसावळीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी. जायला-यायला मिळून, थांबे धरून, अडीच तास. वर्षानुवर्षं हा वेळ मी कानात इअरफोन घालून काढला. कुमार गंधर्व, भीमसेन, मल्लिकार्जुन मन्सूर. या अडीच तासांमुळेच माझी नोकरी सुसह्य झाली असं मी मित्रांना सांगत असे.

आणि मनातल्या मनात मला असंही वाटत असे की डीजेवर नाचणारी पोरं बहिरी होतील, आपल्याला काय धोका? आपण तर यमन ऐकतो.

डॉक्टरांनी कागदावर हिशेब करून दाखवला, तो तुम्हीही करून बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मोबाईल-इअरफोनवर सुरक्षित ऐकण्यासाठी २०१९ मध्ये एक मानक प्रसिद्ध केलं. त्यानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. पण डेसिबलचं गणित आपल्या किराण्याच्या गणितासारखं नसतं. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला फक्त अडीच तास, तेही अख्ख्या आठवड्याचे! माझ्या बसमध्ये मोबाईलच्या अ‍ॅपवर मोजलं तर काटा ८० च्या आजूबाजूला फिरत होता. अ‍ॅपचं मोजमाप काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. त्या गोंगाटाच्या वर भीमसेनजींचा खर्ज ऐकू यावा म्हणून मी आवाज किती चढवत असेन? ९० च्या घरात सहज. म्हणजे माझा आठवड्याचा कोटा सोमवारी संध्याकाळी घरी येईपर्यंत संपत होता आणि पुढचे पाच दिवस मी उधारीवर ऐकत होतो.

कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाजाची स्पंदनं त्या पकडतात आणि मेंदूकडे पाठवतात. बारीक, उंच आवाज पकडणाऱ्या पेशी शंखाच्या अगदी तोंडाशी असतात आणि मोठ्या आवाजाचा मार साधारणपणे आधी त्यांच्यावर बसतो. माणसाच्या कानात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून बोलण्यातले स्वर शाबूत राहतात आणि स, श, फ, ट, त, क हे व्यंजनांचे कंगोरे आधी झिजतात. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ‘साक’चं ‘टाक’ होतं ते असं. (माझी एक लहर सांगतो, शास्त्र म्हणून घेऊ नका. आई कन्नडमधून बोलली की मला मराठीपेक्षा बरं कळतं. कन्नडात शब्दाच्या शेवटी स्वर सोडतात, बसचं ‘बस्सु’ करतात, म्हणून असेल. आईचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, कन्नड बोलते तेव्हा मी रागावलेली असते, म्हणून तुला ऐकू येतं.)

जून २०२४ मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला अचानक ऐकू येईनासं झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस तोच विषय होता. त्यांच्या बाबतीत निदान विषाणूमुळे श्रवणाच्या नसेला इजा झाल्याचं होतं, इअरफोनमुळे झालं असं नव्हे. तरीही त्याच निवेदनात त्यांनी चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोन यांच्याबद्दल सावध केलं होतं. जिचा संसारच सुरांवर उभा आहे, तिने ते सांगावं, हे मला लागलं.

आता तुम्ही म्हणाल, मग इअरफोन फेकून दिले असतील. नाही. अडीच तास त्या बसमध्ये नुसतं इंजिन ऐकत बसणं मला जमणारं नाही, आणि डॉक्टरांनीही तसं सांगितलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की तुमचा इअरफोन कसा आहे. मी खिशातून काढून दाखवला. कधीतरी फोनच्या डब्यात आलेला, चपट्या बटणासारखा, कानाच्या दारात नुसता टेकून राहणारा. बाहेरचा गोंगाट त्याच्या बाजूने आरामात आत शिरतो, म्हणून आपण आवाज चढवतो. माझी चूक यमन ऐकण्यात नव्हती, या बटणात होती.

मुलगी बारावीला. शिकवणीसाठी तिची आठवड्यातून तीन दिवस रेल्वेने नागपूरवारी, सुमारे शंभर किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. तिच्याही कानात माझ्यासारखंच बटण. तिचेही कान तपासून घेतले. सुदैवाने रेघ सरळ आली. तेव्हा ठरवलं की दोघांसाठी नीट बघून, पण खिशाला झेपतील असे इअरफोन घ्यायचे. दुकानात जाताना तिलाच बरोबर नेलं. कान तिचे, पैसे माझे.

दुकानात काउंटरमागे कोण, तर आमच्याच कॉलेजचा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. वर्गात हा मुलगा मागच्या बाकावर झोपतो. इथे मात्र त्याने माझाच तास घेतला. मी आधी एका दुसऱ्या दुकानातून आणलेला, कानात जाणारा इअरफोन त्याला दाखवला आणि म्हटलं, ‘‘अरे, हा घेतला, पण याचा आवाज पोकळ येतो. तबल्याचा बायाँ तर ऐकूच येत नाही.’’ त्याने तो हातात घेतला, माझ्या कानाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, ‘‘सर, रबर बदलून पाहा ना जी. हे तुम्हाले लहान होऊन राह्यलं. बाजूनं हवा जाते, म्हणून ठेका गायब.’’

त्याने मोठं रबर चढवून दिलं. कान वरून जरा मागे ओढून, इअरफोन थोडा फिरवत आत बसवायला शिकवलं. आणि खरं सांगतो, तोच चारशे रुपयांचा इअरफोन वेगळाच वाजायला लागला! बायाँ आला. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे दुकानासमोर उभा असलेला टेम्पो चालू होता, त्याची घरघर दूर कुठेतरी गेली. दुकानदार बहुधा मधल्या मापाचं रबर लावूनच माल विकतो. डब्यात लहान आणि मोठं अशी आणखी दोन मापं असतात, ती आपण डब्यासकट फेकून देतो. काही जणांना डाव्या कानाला एक माप आणि उजव्याला दुसरं लागतं. मलाही तसंच लागतं. चप्पल घेताना आपण दुकानभर चालून बघतो, आणि जी वस्तू रोज दोन-अडीच तास शरीराच्या आत जाणार, तिचं माप कुणी बघत नाही.

रबर नीट बसलं आहे की नाही, हे ओळखायला त्या मुलाने सोपी युक्ती सांगितली. गाणं न लावता इअरफोन घालायचे आणि स्वतःच बोलून बघायचं. आपला आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमला तर रबर बसलं. नेहमीसारखाच आला तर फट आहे. नीट बसलेलं रबर बाहेरचा गोंगाट पंधरा-वीस डेसिबलने तरी कमी करतं. जाड, खालच्या सुरातल्या घरघरीला थोडं कमी, बारीक आवाजांना जास्त. वरचा हिशेब आठवा. ३ डेसिबल म्हणजे निम्मं. मग १५ डेसिबल कमी झाल्यावर कानाला केवढा दिलासा! सिलिकॉनच्या रबराऐवजी स्पंजसारखी फोमची बोंडंही मिळतात. ती बोटांनी चेपून कानात घातली की फुगून बसतात आणि गोंगाट जास्त अडवतात. मात्र ती लवकर मळतात आणि काही महिन्यांत बदलावी लागतात.

यावरून मी माझी एक कसोटी ठरवली आहे. ‘साठ टक्के आवाज, साठ मिनिटं’ असं हल्ली कुठेकुठे छापून येतं. पण एका फोनचे साठ टक्के म्हणजे दुसऱ्याचे ऐंशी, त्यामुळे मला ते पटत नाही. माझी पद्धत अशी. सकाळी निघण्याआधी घरात, पंखा बंद करून, शांत खोलीत इअरफोन लावायचे. गाणं सुखाने ऐकू येईल इतपतच आवाज ठेवायचा आणि फोन खिशात टाकायचा. मग बसमध्ये त्या आवाजाला हात लावायचा नाही. तेवढ्यात गाणं ऐकू आलं तर इअरफोन योग्य. चढवावासा वाटला तर आधी रबर बघायचं, मग इअरफोन बदलायचा. तरीही भागलं नाही, तर त्या प्रवासापुरतं गाणं बंद. हजार रुपयांचा इअरफोन या कसोटीला उतरतो आणि पाच हजारांचा नापास होतो, असं मी स्वतः पाहिलं आहे.

आवाजाचा दर्जा कसा पारखायचा? डब्यावर बरंच काही लिहिलेलं असतं. ‘१० मि.मी. ड्रायव्हर’, ‘एक्स्ट्रा बास’, ‘सुपर बास’. ड्रायव्हर म्हणजे आतला छोटा स्पीकर. तो मोठा म्हणून आवाज चांगला, असं काही नाही. आणि ‘बास’चं वेड तर असं आहे की स्वस्तातल्या पुष्कळ इअरफोनांत ढोल सोडून काही ऐकू येत नाही. म्हणून दुकानात जाताना आपलं ओळखीचं गाणं फोनमध्ये घेऊन जावं. त्यांनी लावलेल्या गाण्यावर पारख करू नये, ते गाणं इअरफोन विकण्यासाठीच निवडलेलं असतं.

आमच्या घरचं ओळखीचं गाणं म्हणजे कुमारजी. आईसाठी तो माहेरचा माणूस. कुमार गंधर्व, म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मले. शिकले मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे. क्षयाने आजारी पडल्यावर कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये देवासला आले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी जाईपर्यंत तिथलेच झाले. कन्नड मातृभाषा, मराठी रसिक, आणि माळव्याची लोकगीतं गळ्यात. बेळगावहून मध्य प्रदेशात आलेली मी काही पहिली नव्हे, असं आई अधूनमधून ऐकवते.

तर त्यांचे तानपुरे. तारा जुळवण्याबद्दल कुमारजी किती काटेकोर होते, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवून जवारी लावतात. त्यामुळे तार नुसती ‘टण’ करत नाही, तिच्या मूळ सुरावर आणखी कितीतरी बारीक सूर तरंगायला लागतात. हा झंकार फार वरच्या पट्टीत असतो आणि गवयाच्या आवाजामागे हलका पसरलेला असतो. इअरफोनची परीक्षा घ्यायला याहून चांगली वस्तू नाही. गाणं सुरू होण्याआधीचा मिनिटभर तानपुरा ऐकायचा. जव्हेरी पोताची जर दिसावी तसा तो झंकार वेगळा ऐकू आला, तर इअरफोन चांगला. नुसती मधमाश्यांची गुणगुण आली, किंवा गवई गायला लागताच तानपुरा नाहीसा झाला, तर ठेवून द्यायचा. मग बायाँ ऐकायचा, घुमारा असावा पण गवयाच्या अंगावर चढू नये. शेवटी आकाशवाणीच्या बातम्या किंवा कुणाचंही भाषण लावायचं आणि शब्द न् शब्द सुटा येतो का बघायचं. भीमसेनजींची मराठी ‘संतवाणी’ आणि कन्नड ‘दासवाणी’ ज्या घरांत दोन्ही ऐकतात, त्यांनी दोन्ही लावून बघावं. एकच गळा, पण शब्द वेगळे. शब्द दाबणारा इअरफोन तिथे लगेच पकडला जातो.

मुलीने चार इअरफोन ऐकले. चौथ्याला म्हणाली, ‘‘बाबा, यात तानपुऱ्याची तार तुटून पडल्यासारखी नाही, विरत जाते.’’ मी तोच कानात घातला. उजव्या कानाला मला ती विरत गेलेली ऐकू आली नाही. लवकरच संपली. मी काही बोललो नाही. तिच्या कानावर विश्वास ठेवून तो घेतला.

वायरचा घ्यावा की ब्लूटूथचा, हा हल्लीचा मोठा वाद. कमी पैशात आवाज चांगला हवा असेल तर माझं मत अजूनही वायरलाच. पाचशे ते हजार रुपयांत नावाजलेल्या कंपनीचा, रबरवाला, बोलण्यासाठी माइक असलेला इअरफोन मिळतो. त्याला चार्जिंग नको, कानातून निसटला तरी गळ्यात लोंबतो, बसखाली जात नाही. वायर तुटते ती बहुतेक वेळा फोनच्या टोकाशी, म्हणून पिन काटकोनात वळलेली बघावी. वायर सुटी करता येते असेही इअरफोन हजार-बाराशेत मिळतात. वायर गेली तर वायरच बदला. नव्या पुष्कळ फोनांना मात्र ते गोल भोकच नसतं. मग टाइप-सीचा इअरफोन किंवा छोटा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. अगदी शंभर रुपयांतला कन्व्हर्टर कधी कधी खरखरतो किंवा चालतच नाही, तेव्हा दुकानातच लावून बघावा.

ब्लूटूथमध्ये गळ्यात अडकवायचा पट्टा, म्हणजे नेकबँड, आमच्याकडे संत्र्याच्या बगिच्यात काम करणाऱ्यांपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात दिसतो, आणि तो सोयीचा आहेच. सुटी बोंडं दिसायला छान, पण एक पडलं की दुसऱ्याचा उपयोग उरत नाही. दोन्हींत इवलीशी बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुधा बदलता येत नाही. हा खर्च धरूनच घ्यावं. दोन हजारांच्या आसपास आता बाहेरचा गोंगाट यंत्राने पुसणारे इअरफोनही येतात. इंजिनाच्या किंवा रेल्वेच्या एकसारख्या घरघरीवर ते खरोखर काम करतात. शेजारच्या बाईच्या गप्पांवर फारसं नाही. रोज दोन तास रेल्वेने जाणाऱ्याला ते घ्यावेसे वाटले तर मी नको म्हणणार नाही. फक्त तिथेही रबर बसलेलं लागतं. फट असेल तर यंत्र तरी काय करणार?

नामांकित कंपन्यांची हुबेहूब नक्कल छोट्या गावांत फार विकली जाते. त्यातला एक मीही घेऊन झालो आहे, पंधरा दिवस चालला. पक्कं बिल आणि वॉरंटी हीच त्यावर तोड.

आता ज्यासाठी हे सगळं कौतुक केलं, त्याचीच दुसरी बाजू. बाहेरचा आवाज अडवणारा इअरफोन म्हणजे बाहेरचा धोकाही अडवणारा. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ फाटक नसलेल्या क्रॉसिंगवर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली आणि तेरा मुलं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असं तेव्हा सांगितलं गेलं. आमचं पांढुर्णा रेल्वेवरचं गाव. रूळ ओलांडून जाणारी माणसं मी रोज बघतो, आणि त्यांच्या कानांत काय असतं तेही बघतो. बसमध्ये बसलेल्या माणसाने कान बंद केले तर गाडी चालवायला दुसरा कुणीतरी आहे. मोटारसायकलवर, सायकलवर, फलाटावर, रुळांजवळ तो दुसरा कुणी नसतो. मुलीशी आमचा करार आहे. डब्यात बसल्यावर लावायचे, गाडी पांढुर्ण्याच्या अलीकडे हळू व्हायला लागली की काढून डबीत ठेवायचे. एकाच कानात लावून चालणं बरं, असं काही जण म्हणतात. मला तेही पटत नाही. आवाज कुठून येतोय हे कळायला दोन्ही कान लागतात.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. अंघोळीनंतर किंवा भिजून आल्यावर ओल्या कानात इअरफोन घालू नयेत, दमट कानात बुरशी धरते आणि खाज सुटते. रबरं आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यात धुवावीत आणि पूर्ण वाळवून मगच चढवावीत. जाळीवर मळ साचला की आवाज एका बाजूने कमी होतो आणि आपण इअरफोन बिघडला म्हणून नवा आणायला धावतो. दात घासायचा कोरडा जुना ब्रश हलक्या हाताने फिरवला की काम होतं. आणि एकमेकांचे इअरफोन वापरू नयेत. घरातल्या घरातही नको.

हा शेवटचा नियम आईने मोडला. रात्री ती बेळगावला मावशीशी तास-तासभर कन्नडमधून बोलते आणि फोन कानाला धरून तिचा हात भरून येतो. एक दिवस बघतो तर माझा इअरफोन तिच्या कानात, आणि ती ओरडून बोलतेय, कारण रबर मोठं, अर्धं बाहेर. ‘‘नन किवी सण्ण अदावा,’’ माझे कान लहान आहेत, ती तक्रार करत होती. दुसऱ्या दिवशी तिला तिचा वेगळा इअरफोन आणला. त्याचं मधलं रबर काढून लहान चढवलं आणि मावशीला फोन लावून दिला. मिनिटभर ऐकून तिने मान डोलावली. ‘‘ईग सरि.’’ मग मला हाताने खूण केली की आता जा, आम्हाला बोलू दे.

तिच्या डब्यातली उरलेली दोन मापांची रबरं मी देवघराच्या कप्प्यात, समईच्या वातींच्या डबीशेजारी ठेवली आहेत. एवढी बारीक वस्तू दुसरीकडे कुठे ठेवली असती तर नक्की केरात गेली असती.